धुळे–जळगाव हवाई अंतर आणि आम्ही गेलो तो रस्ता

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला तेव्हा मी डब्याच्या पोळ्या लाटत होते. नंबर अनोळखी. पलीकडचा माणूस हिंदीत बोलत होता, पण ती हिंदी आपल्याकडची नव्हती.

"मॅडम, आप धुलिया से? रोहिणी मॅडम? मैं हैदराबाद से श्रीनिवास. ब्लड के लिए. लिस्ट में आपका नाम है."

तव्यावरची पोळी करपली. मी गॅस बंद केला आणि स्टुलावर बसले.

हा ब्लॉग वाचणाऱ्यांना माझ्या एसटीच्या आणि पॅसेंजर गाड्यांच्या सहली माहीत आहेत, रक्ताचं माहीत नाही. माझा रक्तगट 'बॉम्बे' आहे. साध्या तपासणीत तो ओ दिसतो, पण नसतो. या गटाच्या माणसाला फक्त याच गटाचं रक्त चालतं, आणि अशी माणसं हजारोंत एखादी सापडतात. मला हे दुसऱ्या बाळंतपणात कळलं. तेव्हापासून दात्यांच्या एका यादीत माझं नाव आहे. शाळेत भूगोल शिकवणारी, धुळ्यात राहणारी, वय अडतीस, एवढीच माझी त्या यादीतली ओळख.

श्रीनिवासची बायको लावण्या आदल्या संध्याकाळी बाळंत झाली होती. मुलगी झाली, मुलगी ठीक होती. लावण्याचा रक्तस्राव मात्र थांबत नव्हता. गर्भपिशवी काढावी लागणार होती, आणि याच गटाच्या दोन पिशव्या हाताशी असल्याशिवाय डॉक्टर शस्त्रक्रिया करायला तयार नव्हते. एक दाता विशाखापट्टणमहून निघाला होता. दुसरा मिळत नव्हता. संध्याकाळपर्यंत थांबता येईल, असं डॉक्टर म्हणाले होते.

"मैंने नेट पे देखा मॅडम," श्रीनिवास घाईघाईने म्हणाला, "धुलिया टू जलगाँव फ्लाइट टाइम बीस मिनट. आप वो पकड़ लो. जलगाँव से हैदराबाद का टिकट मैं कर रहा हूँ."

 ते पान मी पाहिलेलं आहे. कुठल्याही दोन गावांची नावं टाका, ते तुम्हाला हवाई अंतर आणि उड्डाणाचा वेळ सांगतं. धुळे ते जळगाव, ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर, वीसेक मिनिटं. नकाशावर पट्टी ठेवून काढलेला आकडा. धुळ्याहून जळगावला प्रवासी विमान जात नाही, हे त्या पानाला माहीत नसतं. मागे एकदा मी त्यावर इथेच गमतीचं चार ओळींचं टिपण लिहिलं होतं. त्या सकाळी हैदराबादच्या दवाखान्यात उभा असलेला एक माणूस त्याच आकड्यावर भरवसा ठेवून हिशोब करत होता.

"वो फ्लाइट नहीं है, भैया," मी म्हणाले. "रोड से दो घंटे. मैं निकलती हूँ. आप जलगाँव वाला टिकट कीजिए."

धुळ्यातच रक्त काढून पाठवता येत नाही का, असं नंतर अनेकांनी विचारलं. येतं. पण तपासण्या, शीतपेटी, परवानग्या, पेटी नेणारा माणूस, यांत दिवस जातो, आणि त्या दिवशी तेवढा वेळ नव्हता. संभाजीनगरच्या विमानात जागा नव्हती. रस्त्याने हैदराबाद गाठायला रात्र झाली असती. जळगावचं विमान दुपारी एक वीसचं होतं. (वेळा सारख्या बदलतात, निघण्याआधी बघून घ्या.)

नवरा, प्रशांत, नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत सकाळच्या पाळीला गेला होता. आत गेल्यावर फोन जमा करावा लागतो. ओळखीचा गाडीवाला लग्नाच्या वऱ्हाडाला घेऊन गेलेला. दुसरा म्हणाला, तासाभराने येतो. मला स्कूटर येते, गाडी येत नाही. मी बसस्टँडला जायचं ठरवून चप्पल शोधत होते, तेवढ्यात सासरे दारात येऊन उभे राहिले. आबा. सहासष्ट वर्षांचे, अठ्ठावीस वर्षं एसटी चालवून निवृत्त झालेले.

"काय व्हयनं?"

मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आत गेले, आणि गाडीची चावी घेऊन बाहेर आले.

हे आमच्या घरात साधं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी शहरातल्या एका चौकात एक सायकलवाला त्यांच्या गाडीपुढे आला होता. त्याला खरचटलंही नाही. पण आबा घरी आले, चावी मुलाच्या हातात दिली, आणि त्यानंतर स्टिअरिंगला हात लावला नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, "मन्हा अंदाज चुकना. एक दाव चुकना, बस."

"आबा, मी बसने जाते," मी म्हणाले.

"बस धा ठिकाणे थांबी. चाल."

साडेआठला आम्ही निघालो. पिशवीत आधारकार्ड, चार्जर, पाण्याच्या दोन बाटल्या, सहा केळी आणि डबा. रक्तपेढीच्या डॉक्टरांनी फोनवर बजावलं होतं: उपाशी येऊ नका, तेलकट खाऊ नका, पाणी पीत राहा. श्रीनिवासने तोवर तिकीट पाठवलं आणि वेब चेक-इन करून बोर्डिंग पासही पाठवला. तेव्हा त्याची किंमत मला कळली नव्हती.

थंडीचे दिवस होते. पारोळा रोडला कापसाचे ट्रॅक्टर लागले होते, डोंगरासारखे भरलेले. नागपूरकडे जाणारा हा महामार्ग आता रुंद आणि चांगला आहे. एरवी फागणे, मुकटी, पारोळा, एरंडोल करत दोन-सव्वादोन तासांत जळगाव येतं. आबा साठच्या वर जात नव्हते. मी काट्याकडे बघायचं टाळत होते आणि तरी बघत होते.

एक गोष्ट मी श्रीनिवासला सांगितली नव्हती. मनात ठेवणं जमेना म्हणून आबांना सांगितली.

"मागच्या वर्षी शिबिरात माझं हिमोग्लोबिन कमी भरलं होतं. साडेबारा लागतं. माझं अकरा पॉइंट आठ होतं. परत पाठवलं मला."

"मंग?"

"गोळ्या घेतल्या चार महिने. पण परत तपासलं नाही."

आबांनी रस्त्यावरून नजर हलवली नाही. तशीच गाडी चालवत म्हणाले, "त्या पोराले सांगं का?"

"नाही."

"नको सांगू. आते त्यानाकडे दुसरं कोण शे?"

मुकटी मागे पडली आणि पुढच्या ट्रकचे लाल दिवे लागले. त्याच्या पुढच्याचे, त्याच्याही पुढच्याचे. पाच मिनिटं गेली, दहा गेली. लोक गाड्यांतून उतरून रस्त्यावर उभे राहायला लागले. पुढून चालत आलेल्या एका ट्रकवाल्याने सांगितलं, "गॅसचा टँकर आडवा झालाय. पोलिसांनी दोन्ही बाजू बंद केल्यात. दुपार होईल."

घड्याळात सव्वानऊ. मागे बघितलं तर आमच्या मागे कंटेनर, त्याच्या मागे बस, बसमागे रांग. दुभाजकाला फट होती, पण आमच्यापासून पन्नास-साठ पावलं मागे. मध्ये चार मोठ्या गाड्या.

फोन वाजला. "मॅडम, कहाँ तक पहुँचे?"

"रास्ते में हैं," मी म्हणाले. खोटं नव्हतं.

आबा खाली उतरले. मला वाटलं पुढे बघायला चाललेत. ते मागे गेले. कंटेनरच्या खिडकीखाली उभे राहून वर बघत काहीतरी बोलले. चालकाने मान हलवली, नाही. मागे बस आहे, कुठे सरकू? आबा बसकडे गेले. मग त्यांचा आवाज मला एवढ्या लांबूनही ऐकू आला, स्टँडवर गाडी मागे घेताना चालक-वाहक ओरडतात तसा.

"पोरगी बाळंतीण शे! रगत पोचाडनं शे हैदराबादले! एक हात मांगे ल्या!"

बसमधली माणसं खिडकीतून डोकं काढायला लागली. एक बाई ओरडली, "घ्या हो मागे, ऐकू नाही येत का?" बस फूटभर मागे सरकली. मग तिच्या मागचा टेम्पो, त्याच्या मागची जीप. आबा दोन्ही हातांनी खुणा करत रांगेच्या कडेने फिरत होते. कंटेनर एवढा वाकडा झाला की कठड्याला लागतोय असं मला वाटलं. पंचवीस मिनिटं गेली त्यात. शेवटी आबा घामाघूम होऊन गाडीत बसले आणि आमची छोटी गाडी कडेने मागे सरकत त्या फटीतून पलीकडे निघाली. बसमधल्या लोकांनी हात हलवले. 

आम्ही मागे वळून नवलनगरवरून अमळनेरला जाणाऱ्या रस्त्याला लागलो. रस्ता अरुंद, दोन्हीकडे कपाशीची शेतं, झाडांवर शेवटच्या वेचणीची पांढरी बोंडं. आता आबा सत्तरने जात होते. समोर कापसाचा ट्रॅक्टर आला. हॉर्न वाजवला, चालकाच्या कानांत गाणी लागलेली. आबांनी उजवीकडे घेतलं, समोर रस्ता मोकळा होता, आणि आम्ही ट्रॅक्टरच्या बरोबरीत आलो तोच शेतातल्या वाटेवरून एक मोटारसायकल रस्त्यावर चढली.

आबांनी ब्रेक दाबला. गाडी खडीवर घसरली आणि तिरपी होऊन थांबली. मोटारसायकलवाला आमच्याकडे बघत बघत निघून गेला. ट्रॅक्टरही गेला. धूळ खाली बसली.

आबांनी इंजिन बंद केलं आणि चावी काढून मुठीत धरली.  मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आता ते उतरतील आणि म्हणतील, माझ्याने होत नाही.  मी त्यांना या रस्त्यावर आणलं होतं, एका न पाहिलेल्या बाईसाठी.

"आबा, आपण थांबू. मी दुसरी गाडी थांबवते. कुणीतरी नेईल मला."

त्यांनी हात पुढे केला. म्हणाले, "पानी दे."

अर्धी बाटली त्यांनी एका दमात प्यायली. तोंड पुसलं. आरसा नीट केला, जो आधीच नीट होता. मग म्हणाले, "यानामा मन्ही चूक नव्हती ना?"

"नव्हती, आबा. तो न बघता आला."

"हं." आणि चावी लावून गिअर टाकला.

अकराला पाच मिनिटं कमी असताना आम्ही अमळनेरला पोचलो. इथून धरणगावमार्गे जळगाव रस्त्याने साधारण साठ किलोमीटर. पण महामार्गावरून वळवलेले सगळे ट्रक त्याच रस्त्याला लागले होते. धरणगाव नाक्यावर एकामागे एक उभे, इंजिनं बंद. आबांनी गाडी कडेला घेतली आणि दोन मिनिटं नुसते बघत राहिले. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी असे किती रस्ते बघितले असतील.

"हाई रस्ता आज चालावं नही," ते म्हणाले. "रेल्वे दखू."

अमळनेर सुरत–भुसावळ मार्गावर आहे, जळगाव तासाभरावर. तुम्ही या बाजूने विमानतळाला जाणार असाल तर हे लक्षात ठेवा, धुळेकरांच्या डोक्यात रेल्वे येतच नाही. खिडकीवर कळलं की भुसावळकडे जाणारी गाडी वीस मिनिटं उशिरा आहे. म्हणजे ती अजून गेली नव्हती. दुसऱ्याचा उशीर आपल्या कामी येतो तेव्हा कसं वाटतं, हे मला त्या खिडकीसमोर कळलं. दोन जनरल तिकिटं मागितलेली मला ऐकू आली. आबा माझ्या पुढे उभे होते.

"तुम्ही कशाला? गाडी इथे..."

"गाडी ऱ्हाई आठे. मी येस तुन्हासंगे."

सव्वाअकराला गाडी आली. डब्यात कॉलेजची पोरं, भाजीच्या पाट्या, दारात बसलेली माणसं. बसायला जागा नव्हती. आबांनी कुणाला तरी सांगितलं असावं, कारण एक म्हातारी सरकली आणि मला म्हणाली, "बस माय. रगत देणारी तूच ना?" आणि पदराखालून शेंगदाण्याचा लाडू काढून माझ्या हातावर ठेवला. मी तो खाल्ला. डॉक्टरांनी शेंगदाण्याबद्दल काही सांगितलं नव्हतं.

धरणगाव वेळेवर गेलं. पाळधी गेली. मग गिरणेच्या पुलाअलीकडे गाडी थांबली. सिग्नल. बाहेर कोणी नाही, नुसतं ऊन आणि केळीचा मळा. दारातले दोघं बोलत होते.

"जळगावात ईमान येतं म्हने आता."

"ईमानात बसायचं तर पहिले या गाडीतून उतरा लागंन ना!"

सगळे हसले. मीही हसले आणि फोनवर वेळ बघितली. बारा पाच. बारा दहा. श्रीनिवासचा निरोप आला: विशाखापट्टणमचा माणूस पोचला. एक पिशवी झाली. आता फक्त तुमची. मी फोनच्या पडद्याकडे बघत राहिले. आबा दारात उभे राहून रुळांकडे बघत होते, जणू त्यांनी बघितल्याने सिग्नल पडेल. बारा सोळाला गाडी हलली.

जळगावला उतरलो तेव्हा साडेबारा वाजायला तीन मिनिटं होती. विमानतळ शहराच्या दुसऱ्या टोकाला, कुसुंब्याजवळ. रिक्षावाल्याने "कुठी?" म्हणून विचारलं. आबा म्हणाले, "एअरपोर्ट. एक वीसचं ईमान शे." त्याने माझ्याकडे बघितलं, हातातल्या पिशवीकडे बघितलं, आणि भाडं न सांगताच रिक्षा सुरू केली. (एरवी भाडं ठरवून बसा.) अजिंठा चौफुलीला सिग्नलने अडवलं. त्याने गल्लीत घातली, दुसऱ्या गल्लीतून काढली, एका लग्नाच्या मांडवाच्या कडेने नेली. मी एका हाताने दांडा आणि दुसऱ्याने पिशवी धरून बसले होते.

बारा वाजून त्रेपन्न मिनिटांनी विमानतळाच्या दारात उतरलो. आबांना आत सोडत नव्हते. निरोप घेण्याइतकाही वेळ नव्हता. ते एवढंच म्हणाले, "जाय."

आत काऊंटरवरच्या मुलीने मान वर केली. "मॅडम, काऊंटर बंद झालं."

"बोर्डिंग पास आहे माझ्याकडे." मी फोन पुढे केला.

"बॅग द्यायचीय?"

"नाही. एवढीच पिशवी."

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, वॉकीटॉकीवर काहीतरी बोलली.  मग ती म्हणाली, "पळा. सरळ सिक्युरिटीला." तपासणीत महिला शिपायाने डबा उघडून बघितला, पोळी-भाजी बघून लगेच बंद केला आणि पाठीवर हात ठेवून मला पुढे ढकललं. गेट बंद करायला आलेला माणूस मला बघून थांबला.

म्हणून सांगते, वेब चेक-इन करून ठेवा आणि सामान हातात मावेल एवढंच घ्या. त्याच्याशिवाय मी त्या दिवशी बाहेर आबांच्या शेजारी उभी असते.

विमान छोटं, पंख्यांचं. माझा पहिलाच विमानप्रवास. वर्षानुवर्षं वाटायचं, पहिल्यांदा वरून खान्देश बघेन तेव्हा पानंच्या पानं लिहीन. खिडकी मिळाली होती. खाली केळीचे हिरवे चौकोन, काळी नांगरट, आणि लगेच अजिंठ्याचे डोंगर. सीटच्या हाताला घट्ट धरून मी दोन केळी खाल्ली आणि पूर्ण बाटली पाणी प्यायले. त्यापलीकडे मला काही आठवत नाही. दीड तास मी एकच विचार करत होते: अकरा पॉइंट आठ.

हैदराबादला श्रीनिवासचा मेहुणा गाडी घेऊन उभा होता. विमानतळ शहरापासून लांब आहे, दवाखान्यात पोचायला चार वाजून गेले. रक्तपेढीच्या दारात एक तिशीचा माणूस भिंतीला टेकून उभा होता, शर्टाची बटणं चुकीची लागलेली. तो श्रीनिवास. तो वाकायला लागला तशी मी मागे झाले.  तो म्हणाला, "मॅडम, आपने खाना खाया?"

बोटाला सुई टोचली. यंत्राने आकडा दाखवला. परिचारिकेने तो बघितला, पुन्हा बघितला, आणि डॉक्टरांना बोलावलं.

बारा पॉइंट तीन.

मी खुर्चीत बसून राहिले. काचेपलीकडे श्रीनिवास माझ्याकडे बघून हसण्याचा प्रयत्न करत होता. त्याला वाटत होतं, झालंच आता. मी डॉक्टरबाईंना म्हणाले, "आज जरा कमी भरतंय, मी सकाळपासून पळतेय, घ्या ना." त्या शांतपणे म्हणाल्या, "आपको कुछ हो गया तो?" मग त्यांनी दंडातून रक्त घेतलं. बोटाचं यंत्र थोडं इकडेतिकडे दाखवतं, मोठ्या यंत्रावर नक्की कळेल, म्हणाल्या. वीस मिनिटं लागतील.

त्या वीस मिनिटांत मी कुणाला फोन केला नाही. आबांचे दोन मिस्ड कॉल होते. परत लावून काय सांगणार होते?

डॉक्टरबाई कागद घेऊन आल्या. बारा पॉइंट सहा. त्यांनी कागद माझ्यासमोर धरला, मला खात्री वाटावी म्हणून. मग मला आडवं केलं आणि सुई लावली. पिशवी भरायला दहा मिनिटंही लागली नसतील. सकाळपासून त्या दहा मिनिटांसाठी चाललं होतं.

बाकीच्या तपासण्या होऊन सातच्या सुमाराला शस्त्रक्रिया सुरू झाली. मला मेहुण्याच्या घरी नेलं. तिथल्या वहिनींनी भात आणि आंबट वरण वाढलं, भाषा येत नव्हती म्हणून हातानेच "अजून घ्या" म्हणाल्या. मी आबांना फोन लावला. सगळं सांगितलं. ते जळगावातच थांबले होते, डेपोतल्या एका जुन्या सहकाऱ्याकडे.

"बारा पॉइंट सहा," ते म्हणाले. आणि पुन्हा, "बारा पॉइंट सहा."

सकाळी श्रीनिवास आला. बटणं आता बरोबर होती. शस्त्रक्रिया झाली होती, रक्तस्राव थांबला होता, आणि पहाटे लावण्याने डोळे उघडले होते. "पहले बच्ची का वजन पूछा," तो म्हणाला आणि एवढं बोलून भिंतीकडे वळला. अतिदक्षता विभागात मला जाता आलं नाही. लावण्याला मी अजून पाहिलेलं नाही. तिला पुन्हा मूल होणार नाही, तीन आठवडे ती दवाखान्यात होती, आणि आता घरी आहे. बाळाचा फोटो मात्र आला. खूप केस आहेत डोक्यावर.

त्याच दिवशीच्या विमानाने मी परतले. जळगाव विमानतळाच्या बाहेर आबा सकाळपासून उभे होते, असं तिथल्या चहावाल्याने सांगितलं. आम्ही भरीत-पुरी खाल्ली, पोटभर, तेलकट. मग बसने अमळनेरला गेलो. (बायकांना एसटीत अर्धं तिकीट, आबांनाही ज्येष्ठ नागरिकाचं.) गाडी स्टेशनबाहेर धुळीने माखून उभी होती. घरी पोचलो तेव्हा प्रशांत फाटकात होता. वडिलांना गाडीतून उतरताना बघून त्याने पुढे होऊन दार धरलं.

एवढ्यावर ही सहल संपायला हवी होती. संपली नाही.

दीड महिन्याने पुन्हा फोन आला, पुण्याहून. एका तरुण मुलाचा अपघात. मला नाही म्हणावं लागलं. एकदा रक्त दिल्यावर बायकांना चार महिने देता येत नाही. पलीकडची बाई, त्याची आई, "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. दुसरा दाता मिळाला, हे मला संध्याकाळी कळलं. पण मधले सहा तास मी शाळेत फळ्यासमोर उभी होते आणि काय शिकवलं ते आठवत नाही.

त्या रविवारी मी माहेरी गेले, रावेरकडे. हा गट घराण्यातून येतो, सख्ख्या भावंडांत सापडण्याची शक्यता बाहेरच्यांपेक्षा खूप जास्त. डॉक्टरांनी मला हे तेव्हाच सांगितलं होतं. पण धाकटा भाऊ दीपक सुई बघितली की चक्कर येऊन पडतो, म्हणून मी कधी आग्रह केला नव्हता. या वेळी मी त्याला शेतातून उठवून भाड्याच्या गाडीत बसवलं. बहिणीलाही घेतलं. तपासणीसाठी रक्त देताना दीपक पडलाच. त्याला बाकावर झोपवून लिंबूसरबत पाजावं लागलं.

काल अहवाल आले. बहिणीचा साधा ओ. दीपकचा माझाच.

मी त्याला फोनवर सांगितलं.  मागे पाण्याचा पंप चालू असल्याचा आवाज येत होता. मला वाटलं, घाबरेल. तो म्हणाला, "मंग लिही माह्यं नाव यादीत. आन् ताई, नंबर दोन दे. माह्याबी आन् घरचाबी. केळीत धड रेंज नसते."